काळानिळा हात

कर्वेनगरात निवृत्त मंडळी पुष्कळ. त्यामुळे कॅथ लॅबमधली ड्यूटी संपवून राजाराम पुलावरून घरी पोचले, तरी लिफ्टमध्ये कुणीतरी बाही वर सारतंच. "सिस्टर, हे बघा हो. काल एवढं नव्हतं." मनगटापासून कोपरापर्यंत हात जांभळा झालेला असतो. दोन-चार दिवसांपूर्वी अँजिओग्राफी झालेली असते.

मी रंगाकडे फारसं बघत नाही, आधी हात दाबून बघते. कणकेसारखा मऊ लागला, बोटं गरम असली, मूठ नीट वळत असली, तर माझा जीव भांड्यात पडतो. त्वचेखाली सांडलेलं रक्त उताराकडे सरकतं, म्हणून डाग रोज नव्या जागी दिसतो. नवीन रक्त येत नसतं. पुढे तो हिरवट होतो, मग पिवळा, आणि दोन-तीन आठवड्यांत जातो.

मनगटातून हृदयापर्यंत जायची ही वाट फार जुनी नाही. मॉन्ट्रियलच्या लुसियाँ कांपो यांनी १९८९ मध्ये ती मांडली. त्याआधी मुख्यतः जांघेतून जायचे, आणि मग पेशंटने पाय न हलवता तासन्‌तास उताणं पडून राहायचं. आता तो थोड्याच वेळात उठून चहा मागतो. हाताचा थोडा काळेपणा हा त्यामानाने स्वस्त सौदा आहे.

धमनीत घातलेली नळी, म्हणजे शीथ, काढल्यावर मनगटाला पारदर्शक बँड लावतो आणि सिरिंजने त्यात हवा भरतो. घट्ट आवळून रक्त थांबवणं कुणालाही जमेल. कसब आहे ते रक्त बाहेर येऊ न देता आतली नाडी चालू ठेवण्यात. अंगठ्याला ऑक्सिमीटर लावायचा, करंगळीच्या बाजूची धमनी दाबायची आणि पडद्यावरची लाट बघायची. लाट सपाट झाली, तर दाब जास्त आहे. अशी दाबलेली धमनी कायमची बुजू शकते, आणि पुढच्या खेपेला ती वाट मिळत नाही.

फसवतो तो वेगळाच हात. बँड जागच्या जागी, बाहेर रक्ताचा थेंब नाही, आणि पेशंट म्हणतो, "इथे वर ठणकतंय." आत सरकवलेल्या तारेने वाटेतली धमनीची एखादी बारीक फांदी दुखावलेली असते आणि कोपराखाली हात भरत चाललेला असतो. अशा वेळी सुजेच्या कडेने पेनने रेघ मारायची, डॉक्टरांना बोलवायचं आणि ते सांगतील तसा तिथे बीपीचा पट्टा फुगवायचा. सूज रेघेबाहेर गेली का, ते घड्याळ लावून बघायचं. हात टणक झाला, बोटं बधिर किंवा पांढरी पडली, बोट सरळ करताना पेशंट कळवळला, तर स्नायूंचा रक्तपुरवठा अडकतोय. काही तासांत कायमचं नुकसान होतं. घरी असं झालं, तर सकाळची वाट बघू नये.

अंगठी आणि पाटल्या मी आधीच काढायला लावते. सुजल्यावर साबणानेही निघत नाहीत. हात उशीवर उंच ठेवावा. फडक्यात गुंडाळून बर्फ थोडा वेळ चालतो. शेक आणि मालीश सुरुवातीला नकोच. आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप घरोघरी निघतो. आजींशी मी वाद घालत नाही, पण टोचलेल्या जागेवर तो लावू देत नाही. पिशव्या उचलणं आणि स्कूटर चालवणं काही दिवस बंद.

घरी जखमेतून रक्त आलंच, तर अंगठा छिद्रावर आणि किंचित वर, कोपराच्या बाजूला दाबून धरा. सुई तिरकी जाते, त्यामुळे धमनीचं छिद्र त्वचेच्या छिद्राच्या जरा वर असतं. दहा मिनिटं अंगठा उचलून बघू नका. धार लागली असेल किंवा तरीही थांबत नसेल, तर दाब तसाच ठेवून १०८ ला फोन करा.

आणि काळानिळा हात बघून रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नका. स्टेंट नवा असताना त्या सुटल्या, तर त्यात गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. त्यांचं काय करायचं ते तुमच्या कार्डिऑलॉजिस्टना विचारा. लिफ्टमध्ये मला नको.