निरुपयोगी चकत्या

मनुष्याला कोणत्या वस्तूचा छंद लागेल याचा नेम नसतो. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी. मी लास व्हेगासच्या जुगारगृहांतील रंगीत चकत्या जमवितो. हे ऐकताच आमचे मराठी आप्त दचकतात. द्यूत म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे शकुनीचे फासे उभे राहतात, आणि ते माझ्या पत्नीकडे मोठ्या करुणेने पाहू लागतात!

पण आमच्या मंडळातील कित्येकांना खेळापेक्षा चकतीच प्रिय असते. अमेरिकेतील संग्राहकांनी १९८८ साली हे मंडळ स्थापन केले. त्याच्या संमेलनात मेजामेजांवर चकत्या, पत्ते, आगपेट्या मांडलेल्या असतात, आणि त्यांच्या निमित्ताने गप्पा रंगतात.

चकतीचा मूळ धर्म मात्र मोठा कपटी. नोट हातून सुटताना मन चरकते. तीच चकती होऊन सुटली, की मनाला त्याचा पत्ताही लागत नाही. खेळाच्या मेजाभोवती माणसे खांद्याला खांदा लावून बसलेली असतात, परंतु प्रत्येकाचे लक्ष आपल्या पुढ्यातील ढिगावर. इतक्या गर्दीत इतका एकान्त मी अन्यत्र पाहिला नाही.

पुढे एके दिवशी ते जुगारगृहच नाहीसे होते. १९५२ साली उघडलेले 'सँड्स' १९९६ साली सुरुंग लावून पाडण्यात आले. १९५७ चे 'ट्रॉपिकाना' २०२४ साली त्याच वाटेने गेले. चकती वटविण्याची खिडकी कायमची मिटते, आणि मौज अशी की, तेव्हाच ती चकती बोलू लागते! 'सँड्स'ची एक चकती बोटांत फिरवीत एक वृद्ध गृहस्थ, तरुणपणी आपण तेथे पत्ते कसे वाटीत असू, ते मला तासभर सांगत होते. निघताना त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. मी मोबदल्याचे नाव काढताच, "माझ्याजवळ दोन आहेत," एवढेच म्हणाले.

परक्या देशात साठी उलटल्यावर नवा स्नेही जोडणे सोपे नसते. गेल्या हिवाळ्यात मी अंथरुणाला खिळलो असता परगावाहून जी तीन पत्रे आली, ती तिन्ही या मंडळींचीच होती. प्रत्येकात एकेक चकती होती.

धर्मराजाने द्यूतापायी आपले भाऊ पणाला लावले. मला त्याच द्यूताच्या मोडीत निघालेल्या चकत्यांनी उतारवयात भाऊ मिळवून दिले. आमच्या आप्तांनी खुशाल निश्चिंत असावे!