खंडाळ्याच्या घांटांतील निनांवी चित्रें

आमच्या घरीं माडीवरच्या सागवानी पेटींत पेन्सिलीनें काढलेलीं देखाव्यांचीं पांच चित्रें कैक वर्षें जपून ठेविलेलीं आहेत. त्यांवर सही नाहीं, तिथि नाहीं. आमचे पणजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त कांहीं वर्षें खंडाळ्यास होते. अर्थात् तीं त्यांचींच, असें सर्वजण धरून चालत. गेल्या वर्षीं वांटणीच्या वेळीं चित्रांच्या पाठीमागें नांव लिहावें असें ठरलें, आणि तें काम मजकडे आलें.

एक कागद उजेडाकडे धरितांच व्हॉटमन या इंग्रजी कारखान्याची छाप व १८८९ हें साल दिसलें. असा कागद त्या काळीं नकाशांसाठीं वापरीत. तो कचेरींतूनच घरीं आला असावा. छापेवरून इतकेंच ठरतें कीं चित्र त्यापूर्वींचें नव्हे, कारण कोरा कागद कपाटांत दहा वर्षेंही पडून राहतो. पलीकडची मर्यादा चित्रानेंच दिली. बोरघांटाचा लोहमार्ग १८६३ मध्यें खुला झाला. त्या चढणीवर एके ठिकाणीं गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकास जोडीत व मग उलट दिशेनें पुढें नेत. ही व्यवस्था १९२९ पर्यंत चालली. आमच्या एका चित्रांत तो फांटा खालीं स्पष्ट दिसतो.

एवढ्या पुंजीवर, चित्रांच्या प्रती घेऊन, भाद्रपदांत मी व माझी पुतणी खंडाळ्यास गेलों. पावसानें उघडीप दिली होती. राजमाचीचीं श्रीवर्धन व मनरंजन हीं जोडशिखरें ढगांतून मधून मधून डोकें वर काढीत. आमची युक्ति साधी होती. दूरचें शिखर जवळच्या कड्याच्या टोकाशीं चित्रांत जेथें मिळतें, तेथेंच तें प्रत्यक्षांत मिळेल अशी जागा शोधावयाची. पन्नास पावलें सरकलें कीं ती जुळणी मोडते. पणजोबा घांटभर हिंडत, तेव्हां पांच चित्रांच्या पांच जागा निघतील अशी माझी खात्री होती. दोन दिवस चिखल तुडविल्यावर पांचही एकाच ठिकाणीं जुळलीं: एका पडक्या घराच्या जोत्यामागें, तुळशीवृंदावनाच्या दगडांपाशीं.

"काका," पुतणी म्हणाली, "हा माणूस अंगणाबाहेर गेलाच नाहीं!"

मला उत्तर सुचलें नाहीं.

घरीं येऊन छायेच्या रेघा भिंग लावून पाहिल्या. त्या वरून डावीकडून खालीं उजवीकडे उतरतात. तसें ओढणें डाव्या हातास सोपें. लिओनार्दोचीं चित्रें जाणकार याच खुणेवरून ओळखतात. पणजोबांचें लिखाण तर उजव्या हाताचें. मग आजीची एक गोष्ट आठवली. पणजोबांच्या बालविधवा भगिनी त्यांच्याकडेच असत. त्या डावखुऱ्या होत्या, आणि डाव्या हातानें वाढूं गेल्या म्हणून पंगतींत त्यांचा एकदां फार अपमान झाला होता.

थोरल्या बंधूंना हें पटलें नाहीं. "सही कोठें आहे?" असें त्यांनीं विचारलें, आणि तें रास्तच होतें. पण माझें मन आतां दुसरीकडे वळत नाहीं. नांव लिहावयास वंशावळ काढली, तों तींत मुलांचींच नांवें. मुली एकही नाहींत. शेवटीं पाठीमागें "बहुधा पणजोबांच्या भगिनी" इतकेंच पेन्सिलीनें लिहिलें आहे. त्यांचें नांव नाशिकच्या एका वृद्ध आप्तांस ठाऊक असावें. त्यांना पत्र घातलें आहे.