औरंगजेबाच्या तळटिपा

काही वाचक कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचतात. माझी खोड त्याहून वाईट: मी आधी टिपा वाचतो. त्यातून एखादं ऐतिहासिक नाटक सटीप हाती लागलं, तर विचारूच नका. वर राजाला गादीवरून खाली खेचलं जात असतं आणि मी पानाच्या तळाशी, बारीक टायपात, कोण कुणाचा चुलता हे तपासत बसलेला असतो. हे वळण परीक्षेनं लावलं. औरंगाबादच्या औरंगपुऱ्यातून आणलेल्या शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द सेकंड’च्या प्रतीत नाटक थोडं आणि टिपा फार. लँकेस्टर आणि यॉर्क घराण्यांच्या वंशावळी पाठ करता करता डोळा लागायचा. ज्या शहरात बसून हे पाठांतर चाललं होतं, त्या शहरात एकेकाळी राहिलेला दख्खनचा सुभेदारच एका इंग्रजी नाटकाचा नायक आहे, हे कळायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली.

नाटक जॉन ड्रायडनचं, नाव ‘औरंग-झेब’. नोव्हेंबर १६७५मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात ते आलं आणि १६७६मध्ये छापलं गेलं. नायक तेव्हा हयात होता, तख्तावर होता. ड्रायडन १७००मध्ये गेला, औरंगजेब १७०७मध्ये. म्हणजे नाटककार गेल्यावरही नायक सात वर्षं जगला. ऐतिहासिक नाटकांच्या इतिहासात असा मान फार थोड्यांना मिळाला असेल.

ड्रायडननं हिंदुस्थान पाहिला नव्हता. त्याचं सारं भांडवल म्हणजे फ्रेंच वैद्य बर्निए याचं पुस्तक. त्याचं इंग्रजी भाषांतर १६७१मध्ये निघालं होतं. शहाजहानच्या मुलांची यादवी बर्निएनं हिंदुस्थानात राहून लिहिली. ड्रायडननं तिच्यातून घडवला एक सुशील राजपुत्र: बापाशी एकनिष्ठ, प्रेमात पोळलेला आणि अथपासून इतिपर्यंत यमकात बोलणारा. त्याची प्रेयसी इंदामोरा ही कैदेतली राणी. बापालाही तीच हवी, धाकट्या सावत्र भावाला, मोरातला, गादीही हवी आणि तीही हवी, आणि सावत्र आईला खुद्द औरंगजेब हवा. मरायचे ते मरून आणि पस्तावायचे ते पस्तावून झाले, की म्हातारा बादशहा राजीखुशीनं मुलाला मुकुट देतो आणि इंदामोराही.

पात्रांच्या यादीखाली स्थळ-काळ दिलाय: आग्रा, सन १६६०. इथं टीपकाराचे हात शिवशिवले नाहीत तरच नवल. १६६०मध्ये खरा शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात मुलाचा कैदी होता, आणि मरेपर्यंत, म्हणजे १६६६पर्यंत, तिथंच राहिला. नाटकातली सावत्र आई नूरमहाल. हे नाव जहांगीरच्या बेगमेचं, आणि ती १६४५मध्येच वारली होती. मोरात म्हणजे मुरादबक्ष. तो सावत्र नव्हे, सख्खा भाऊ. औरंगजेबानं त्याला १६६१मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मारवलं. या मोरातची बायको मेलेसिंदा नाटकात चक्क सती जाते. तैमूरच्या घराण्यात सती! बर्निएनं सतीची वर्णनं लिहिली होती. लंडनच्या रंगमंचावर हिंदुस्थान उभा करायचा तर चिता हवीच, असा हिशेब असावा. ज्या महिन्यात हा सज्जन राजपुत्र ड्रुरी लेनवर टाळ्या घेत होता, त्याच महिन्यात दिल्लीत खऱ्या औरंगजेबाच्या हुकमानं गुरू तेगबहादूरांचा शिरच्छेद झाला.

पण या नाटकाला इतिहासाच्या चुका काढून नापास करणं सोपं आहे, आणि मला ते पटत नाही. ड्रायडनला आग्र्याची नव्हे, लंडनची गादी दिसत होती. दुसऱ्या चार्ल्सला औरस मूल नव्हतं, भाऊ जेम्स कॅथलिक, आणि पुढं कोण या प्रश्नानं दरबाराची झोप उडालेली. राजानं हे नाटक हस्तलिखितात वाचलं आणि त्यातली मुख्य घटना त्याच्या मर्जीनुसार बेतली गेली, असं ड्रायडननंच अर्पणपत्रिकेत लिहून ठेवलंय. आपल्या कानेटकरांनी ‘इथे ओशाळला मृत्यू’ लिहिलं, पणशीकरांनी त्यातला औरंगजेब गाजवला, तेव्हा तोही सतराव्या शतकापेक्षा समोर बसलेल्या प्रेक्षकाशीच जास्त बोलत होता. प्रत्येक काळ आपल्याला हवा तो औरंगजेब रंगवून घेतो. आज तर या शहराला संभाजीराजांचं नाव आहे आणि खुलताबादच्या औरंगजेबाच्या उघड्या कबरीवरून दर काही दिवसांनी रान पेटतं. अशा वेळी नाटकापेक्षा तळटीप मला जास्त भरवशाची वाटते. ती आवाज चढवत नाही आणि साल सांगते.

या नाटकाला ‘विपुल टिपा’ जोडून डेटन नावाच्या गृहस्थांनी १८९२मध्ये एक आवृत्ती काढली. डेटन आग्रा कॉलेजचे माजी प्राचार्य. शेक्सपिअरच्या सटीप आवृत्त्यांसाठी विद्यार्थ्यांना परिचित. ज्या ग्रंथमालेत बर्निए पहिला, तिच्यातच हे पुस्तक तिसरं, म्हणजे माल आणि मालाचा मूळ मालक एकाच फळीवर. पुढं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठानंही विद्यार्थ्यांसाठी एक सटीप आवृत्ती छापली. आग्र्याची टीप झाली, नेब्रास्काची झाली. राहिली ती आपली.

आणि सर्वांत मोठी टीप तर आपल्याच गावात आहे. प्रेमात वेडा झालेला औरंगजेब ही ड्रायडनची कल्पना, असं कुणीही म्हणेल. पण ‘मआसिर-उल-उमरा’ या फारसी चरित्रकोशात हिराबाई जैनाबादीची कथा येते. दख्खनच्या सुभेदारीवर असताना बुऱ्हाणपुराजवळच्या बागेत ही गाणारी शहजाद्याच्या नजरेस पडली आणि त्याची शुद्ध हरपली. पुढं तिनं त्याच्यापुढं मद्याचा प्याला धरला. तो ओठांना लावणार इतक्यात तिनंच तो काढून घेतला. परीक्षा प्रेमाची होती, म्हणाली. ती तरुणपणीच गेली आणि इथं, औरंगाबादेत, मोठ्या तलावाजवळ तिला पुरलं. कथेत मीठमसाला किती हे इतिहासकारांनी ठरवावं. ड्रायडननं जो प्रेमी अंदाजानं रचला, तो या गावातल्या कथांत आधीच होऊन गेला होता. नाटकात औरंगजेब अविवाहित. इथं त्याची बेगम दिलरस बानू १६५७मध्ये वारली आणि तिच्यावर बीबी का मकबरा उभा राहिला.

हा चरित्रकोश लिहिणारा शाहनवाज खान औरंगाबादेतच राहणारा. १७५८मध्ये त्याचा खून झाला, घर लुटलं गेलं, हस्तलिखिताची पानं पांगली. पाणचक्कीच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठात, राहणाऱ्या आझाद बिलग्रामींनी ती वर्षभराहून अधिक काळ शोधून, जुळवून, प्रस्तावना जोडून ग्रंथ उभा केला. त्याआधी पैठणला एकनाथांनी १५८४मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तेव्हा शेक्सपिअर जेमतेम वीस वर्षांचा होता. संपादनाची एवढी शिदोरी ज्या जिल्ह्याकडे आहे, त्यानं ड्रायडनच्या टिपांसाठी नेब्रास्काकडं बघत राहावं, हे काही बरं नाही.

म्हणून विद्यापीठातल्या इंग्रजी, उर्दू, मराठी आणि इतिहासाच्या मंडळींना विनंती: एकत्र बसा आणि या नाटकाची एक सटीप मराठी आवृत्ती करा. भाषांतर गद्यात झालं तरी चालेल, यमकांचा हट्ट नको; टिपांत मात्र हयगय नको. हिराबाईची टीप जरा लांबली तरी कापू नका. मुद्रितं तपासायला माणूस कमी पडला तर मला बोलवा, मानधन नको.