भाकड दिवसाचा कंदील

२०२३ च्या दिवाळीत दोन भाकड दिवस आले होते. शुक्रवारी, १० नोव्हेंबरला धनत्रयोदशी. रविवारी, १२ तारखेला नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. मग मंगळवारी पाडवा आणि बुधवारी भाऊबीज. मधला शनिवार रिकामा, मधला सोमवारही रिकामा. कॅलेंडरच्या अशा चौकटीत तिथी असते, वार असतो, सण मात्र नसतो. आमच्या नव्या घरातला पहिला सण झाला तो त्यातल्या रिकाम्या शनिवारी.

घर बदलापूर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. हॉल, किचन, एक बेडरूम आणि हॉलला लागून हातभर रुंदीची बाल्कनी. कर्ज वीस वर्षांचं. दसऱ्याला कलश ठेवून राहायला आलो तेव्हा सामानात गॅस, दोन गाद्या, एक सतरंजी, पुस्तकांची सहा खोकी आणि आईने दिलेलं पोळपाट-लाटणं एवढंच होतं. पहिले पंधरा दिवस बोललं की हॉलमध्ये आवाज घुमायचा. मजल्यावर चार दारं आणि चारही बंद. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. तिथे दार बंद दिसलं की शेजारी विचारायला यायचे, घरात कुणाला बरं नाही का म्हणून. इथे चावी हातात आली, करारनाम्यावर नाव आलं, पहिला हप्ताही गेला, तरी संध्याकाळी कुलूप उघडताना आपण दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरतोय असं वाटायचं.

दिवाळी जवळ आली तशी मी मोबाइलवर सजावटीची यादी केली. कापडी झेंडूच्या माळा, एलईडीचा पडदा, घडी उघडली की तयार होणारा कंदील. या वस्तूंत वाईट काही नाही. ज्यांना दिवसाचे बारा तास कामात आणि प्रवासात घालवावे लागतात त्यांना त्या उपयोगीच पडतात. पण यादी पुरी झाल्यावर लक्षात आलं, की हे सगळं लावायला एक माणूस आणि अर्धा तास पुरेल. आणि त्या अर्ध्या तासानंतर घर पुन्हा तसंच घुमेल.

दादरला ऑफिस असल्यामुळे एका संध्याकाळी माहीमच्या कंदील गल्लीत गेले. डोक्यावर छत धरल्यासारखे कंदील लटकलेले, लहान, मोठे, कापडी, कागदी. बांबूच्या कामट्यांचे, पतंगाच्या कागदाचे, खाली झिरमिळ्या सोडलेले जुन्या घडणीचे कंदीलही होते. एक बाई गाळ्यासमोर बसून झिरमिळ्या कापत होत्या. मी त्यांना विचारलं, "मावशी, घरी बांधायचा झाला तर किती वेळ लागेल?" त्यांनी मला एकवार बघून घेतलं आणि म्हणाल्या, "वेळ नाय लागत ओ. पण एकटीला नाय जमणार. धरायला कोन तरी पायजे." मी त्यांच्याकडून पारिजातकाच्या फुलाएवढे छोटे दहा कंदील घेतले, दाराच्या तोरणासाठी. मोठा घेतला नाही.

घरी जाताना गाडीत ते वाक्य डोक्यातून जाईना. चाळीत कंदील बांधताना मी शेकडो वेळा काहीतरी धरून उभी राहिले होते. सुतळीचं टोक, खळीचा डबा, नुसतंच कामटीचं एक टोक. कंदील मी बांधला असं मला लहानपणी कधी म्हणता आलं नाही. आम्ही बांधला, असंच म्हणायचो.

मग रात्री अकराला मी सात जुन्या मित्रमैत्रिणींना निरोप पाठवला. शनिवारी सकाळी या. काहीच तयार नाही. कामं आहेत.

आईला फोनवर सांगितलं तर तिला ते पटलं नाही. "पहिल्यांदा घरी येणाऱ्यांना कामाला लावतेस?" तिचं म्हणणं मला कळतं. आपल्याकडे पाहुणा येण्याआधी सगळं आवरून झालेलं असायला हवं. उंबऱ्यापर्यंत रांगोळी, डबे भरलेले, घरच्या बाईच्या अंगावर इस्त्रीची साडी. पाहुण्याने बसायचं, खायचं, छान झालंय म्हणायचं. त्यात प्रेम असतंच. पण त्यात त्या माणसाला घराच्या कडेला बसवून ठेवणंही असतं, आणि हे मी या घराकडूनच शिकले. जे बसून खाऊन जातात त्यांना आपलं घर आठवतं ते सोफ्यापासून टीव्हीपर्यंत. ज्याने ओट्याशी उभं राहून तुमच्या कढईत झारा घातला, त्याला मिठाचा डबा कुठे असतो ते कायमचं माहीत होतं.

सात जणांपैकी एकीने लगेच उत्तर दिलं, "मला यंदा दिवाळी नाही." तिची आई जूनमध्ये गेली होती. वर्षाच्या आत घरात सण करत नाहीत, कंदील लावत नाहीत, फराळाची कढई चढत नाही. शेजारपाजारचे, नातेवाईक फराळ आणून देतात, तेवढाच. ती ठाण्यात राहते आणि आईच्या मागे घरात एकटीच आहे. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग लिहिलं, "शनिवारी दिवाळी नाहीच. भाकड दिवस आहे. आणि कामट्या धरायला माणूस कमी पडतंय."

ती सगळ्यात आधी आली. साडेआठला.

आता कंदिलाबद्दल सविस्तर सांगते, कारण तो बांधलेल्या माणसांची संख्या आता कमी होत चालली आहे. आमच्या चाळीतल्या पद्धतीच्या कंदिलाला एकसारख्या लांबीच्या चोवीस कामट्या लागतात. सुपल्या-टोपल्या विकणाऱ्या एका बुरडाकडून मी त्या तासून आणल्या आणि रात्रभर बादलीत भिजत घातल्या. कोरडी कामटी गाठ आवळताना तडकते. चार कामट्यांचा एक, असे सहा चौकोन बांधायचे. मग ते टोकाला टोक लावून एकमेकांना जोडायचे. एक चौकोन वर आडवा, एक खाली आडवा आणि चार मधे, कोपऱ्यावर उभे. सगळं जुळलं की चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. ते कुणी बांधत नाही, ते पडतात. लहानपणी मला ही जादू वाटायची आणि त्या शनिवारीही वाटली. चौकोनांच्या कोपऱ्यांच्या चोवीस गाठी आणि जोडणीच्या बारा, अशा छत्तीस गाठींवर अख्खा कंदील उभा राहतो.

उभा राहतो म्हणजे लगेच नाही. नुसत्या सुतळीने बांधलेला चौकोन ताठ नसतो, जरा हात सोडला की कलंडून शंकरपाळ्यासारखा होतो. सहाही चौकोन जोडले तरी सांगाडा लुळाच असतो. कागद चिकटून वाळेल तेव्हा त्याला ताठपणा येतो. तोवर कुणीतरी वरून, कुणीतरी खालून, कुणीतरी दोन्ही बाजूंनी धरून ठेवावंच लागतं. माहीमच्या मावशींचं म्हणणं हे होतं.

हॉलमध्ये सतरंजीवर चौघं जण त्या सांगाड्याभोवती बसले होते. माझी ती मैत्रीण गाठी मारत होती. बँकेत काम करणारी, नीटनेटकी, प्रत्येक गाठ दोनदा आवळून उरलेली सुतळी एका मापाने कापणारी. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरून ती काम करते हे मला पंधरा वर्षांच्या ओळखीत माहीत नव्हतं. कुणी तिला कशी आहेस विचारलं नाही. विचारायला सवडच नव्हती, "हे टोक सोडू नकोस," "आता सोड," "वरचं आवळ," एवढंच चाललं होतं. अकराव्या गाठीच्या सुमाराला ती आपणहूनच म्हणाली, "आई सुतळी जपून ठेवायची. मिठाईच्या खोक्याची. अजून एक डबा भरून आहे." समोरच्याने कामटी धरलेलीच होती. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी ती वापरू." आणि बाराव्या गाठीसाठी टोक पुढे केलं.

खळ माझ्या नवऱ्याने शिजवली. मैदा गार पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं, चकाकी आली की उतरवायचं. झुरळं आणि उंदीर खळ खातात म्हणून चाळीत चिमूटभर मोरचूद घालायचे. ते विष असतं, म्हणून आम्ही जुनं पातेलं वापरलं आणि ते मग टाकूनच दिलं. चार उभ्या चौकोनांना लाल कागद, आठ त्रिकोणांना पांढरा. वरचा आणि खालचा चौकोन उघडा, वरून दिवा सोडायचा. पहिले दोन कागद जास्त खळीने भिजून फाटले. तिसऱ्यापासून हात बसला.

दरम्यान किचनमध्ये चकल्यांचं चाललं होतं. आईने भाजणी पाठवली होती, पण सोऱ्या नव्हता. मी समोरच्या बंद दाराची बेल वाजवली. दार उघडलेल्या काकूंना मी तोवर फक्त लिफ्टमध्ये पाहिलं होतं. त्यांनी सोऱ्या दिला, दहा मिनिटांनी कंदिलाचा गोंगाट ऐकून स्वतः आल्या, आणि पहिला घाणा तेलात विरघळताना पाहून न विचारता पदर खोचला. "मोहन जास्त झालंय. थोडी कोरडी भाजणी मळून घे." दुसरा घाणा काटेरी, खुसखुशीत निघाला. काकू दुपारी दोनपर्यंत आमच्याकडे होत्या. जाताना सोऱ्या इथेच राहू दे म्हणाल्या, दिवाळी होईपर्यंत. त्यांच्या घरी आता चकल्या करायला कुणी नसतं, मुलगा कॅनडात आहे, हे मला त्या तीन तासांत कळलं.

पणत्या पाण्यात भिजत घालण्याचं काम एका मित्राने घेतलं. भिजवल्या नाहीत तर नवी माती तेल पिऊन टाकते. दुसऱ्याने दारापुढे गेरू लावून ठिपके मांडले, पंधरा ते एक. तो इंजिनिअर आहे आणि आयुष्यात पहिल्यांदा रांगोळी चिमटीत धरत होता. रेघ जाड-बारीक झाली. मला ती तशीच हवी होती. या इमारतीत तशी रांगोळी दुसऱ्या कुणाच्या दारात नव्हती.

जेवायला आमटी-भात, बटाट्याची भाजी आणि फुटक्या चकल्या. ताटं कमी पडली म्हणून दोघांनी पातेल्याच्या झाकणांत घेतलं.

सहाच्या सुमाराला अंधारलं तेव्हा कंदील बाल्कनीत टांगला. आत नऊ वॅटचा दिवा. कागद वाळून ढोलकीसारखा ताणला गेला होता, बोटाने टिचकी मारली तर वाजत होता. लाल-पांढरा उजेड समोरच्या इमारतीच्या भिंतीवर पडला आणि हॉलमध्ये कुणी काही बोलेना. मैत्रिणीला सणाचा दिवस उजाडण्याआधी घरी पोचायचं होतं. रात्री राहायला ती तयार नव्हती, मीही आग्रह केला नाही. ती निघाली. पाच मिनिटांनी तिचा फोन आला, खालच्या रस्त्यावरून. "डावीकडे कललाय. उजवी सुतळी थोडी सैल कर." मी केली. "अजून थोडी. हां. आता सरळ आहे." मग ती स्टेशनकडे वळली.

बाकीचे राहिले. पहाटे चार वाजता एका बाथरूमपुढे रांग लागली. एकेकाच्या डोक्यावर तेल घातलं, उटणं लावलं, आणि तिशी ओलांडलेल्या माणसांनी बाल्कनीच्या दारात डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं. दोघं तिथूनच डोंबिवलीला गेले, फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे जमणाऱ्या गर्दीत सामील व्हायला. मी कपबशा विसळताना सहज हाक मारली, "साखर संपली का रे?" आणि आतून कुणीतरी म्हणालं, "खालच्या कप्प्यात, डावीकडे." तो मित्र घरात पहिल्यांदाच आला होता, आदल्या दिवशी. हॉलमध्ये आवाज घुमायचा थांबला होता. खोलीत माणसं होती, ओले पंचे वाळत होते, आणि घुमायला जागा राहिली नव्हती.

कंदील आम्ही त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवला. कागद विटला, सांगाडा मात्र शाबूत होता. तो माळ्यावर ठेवला. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी ते भाऊबीज चारही दिवस सलग आले. भाकड दिवस एकच आला, त्यांच्या आधीचा, आणि तोही कामाच्या बुधवारी. म्हणून वसुबारसेच्या आधीच्या शनिवारी, २६ ऑक्टोबरला, सगळ्यांना बोलावलं. समोरच्या काकू सोऱ्या घेऊन आपणहून आल्या. जुन्या सांगाड्याला नवा कागद लावला. मैत्रीण येताना चोवीस कामट्या आणि सुतळीचा डबा घेऊन आली होती, मिठाईच्या खोक्यांची सुतळी, लाल-पिवळी, गुंडाळून ठेवलेली. त्या दिवशी आम्ही दोन कंदील बांधले. दुसरा ती रात्रीच्या लोकलने बायकांच्या डब्यात, दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, ठाण्याला घेऊन गेली आणि तिच्या खिडकीत लावला.