लाईट गेल्यावरचा करंट

लाईट गेली की आपल्याकडे माणसं धीट होतात. एरवी बोर्डाला हात लावायला घाबरणारा माणूस अंधारात स्टुलावर चढून होल्डर खोलतो. वीजच नाही, तर शॉक कुठून बसणार? एका वाटेनं वीज यायची तेव्हा हा हिशेब बरोबर होता. इन्व्हर्टर आला आणि तो चुकला. सवय मात्र तीच राहिली.

2005 मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं. त्याच्या आगेमागची वर्षं म्हणजे भारनियमनाची. तेव्हा इन्व्हर्टर घराघरांत फ्रीजसारखा आला. दुकानाचा पोऱ्या टेम्पोतून बॅटरी आणणार, जिन्याखाली ट्रॉली ठेवणार, डीबीतून एक फेज आत नेणार, एक बाहेर काढणार. तासाभरात काम फत्ते. न्यूट्रल? तो कॉमन. घराचं वायरिंग एका विजेसाठी केलेलं होतं, त्यावर दुसरी वीज येऊन बसली आणि संरक्षणाचा विचार पहिलीपुरताच राहिला.

आरसीसीबीचं काम मुनिमाचं. फेजमधून गेलं तेवढं न्यूट्रलमधून परत आलं का, एवढंच तो बघतो. घरगुती आरसीसीबीत 30 मिलीअँपिअरची तूट दिसली की 0.3 सेकंदाच्या आत तो लाईन तोडतो. तूट पाचपट असेल तर 0.04 सेकंदात. 230 व्होल्टला ओल्या हातातून याच्या कितीतरी पट करंट जाऊ शकतो, म्हणून ही घाई. एमसीबी हे करू शकत नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नव्हे.

आता गंमत बघा. मेनला आरसीसीबी आहे आणि इन्व्हर्टर त्याच्या पुढे. इन्व्हर्टरच्या लाईनवर कुठेतरी गळती झाली, आरसीसीबीनं इमानदारीत सप्लाय तोडला. इन्व्हर्टरला वाटलं, लाईट गेली. त्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत तीच लाईन बॅटरीवर घेतली. पंखा थांबला नाही, दिवा मिणमिणला नाही. फॉल्ट जागच्या जागी, लाईन जिवंत आणि घरच्यांना पत्ता नाही. म्हणून इन्व्हर्टरच्या आउटपुटला दुसरा, स्वतःचा आरसीसीबी लागतो.

हे सांगणं सोपं. बसवायला गेलं की जुन्या वायरिंगची उधारी बाहेर पडते. साताऱ्यात एका निवृत्त गुरुजींच्या बंगल्यात असा दुसरा आरसीसीबी कुणीतरी बसवला होता. बेडरूमची ट्यूब लावली की तो पडायचा. आधीच्या वायरमननं त्यावर इलाजही केला होता: सरळ बायपास. गुरुजी मला म्हणाले, "मेन पाडलाय, आता बिनधास्त हात घाला." मी म्हटलं, "गुरुजी, वर पंखा फिरतोय."

इन्व्हर्टर बंद केला, बॅटरीची वायर सोडवली, टेस्टरनं खात्री केली. मग न्यूट्रल लिंकवरून इन्व्हर्टर लाईनची काळी वायर काढून टोक मोकळं ठेवलं आणि सप्लाय चालू केला. हॉलचा पंखा लागेना, ते बरोबरच. त्याच मोकळ्या टोकाला टेस्टर लावला तर तो पेटला, कारण पंख्याच्या वाइंडिंगमधून फेज तिथवर आला होता. सुटलेला न्यूट्रल निरुपद्रवी नसतो, हे नव्या पोरांना मी असंच दाखवतो. बेडरूमची ट्यूब मात्र झक्क लागली. म्हणजे तिचा फेज इन्व्हर्टरचा आणि न्यूट्रल गिझरच्या लाईनमधला, उसना. आरसीसीबी तूट दाखवत होता ती खरीच होती. पाइपात जागा नव्हती, म्हणून केसिंग पट्टी मारून नवी काळी वायर ओढली, इन्व्हर्टर लाईनला वेगळी न्यूट्रल लिंक दिली. बायपास काढला. आरसीसीबी गप्प बसला.

यापुढची तपासणी बहुतेक जण टेस्ट बटण दाबून संपवतात. बटण दाबायलाच हवं, महिन्यातून एकदा तरी. पण ते आरसीसीबीच्या आतच रेझिस्टरमधून थोडा करंट वळवून तूट निर्माण करतं. यंत्रणा पडते एवढंच त्यातून कळतं. अर्थिंग आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून मी आरसीसीबी टेस्टर लावून फेजमधून अर्थला खरी गळती सोडतो आणि तीही तीन वेळा. आधी महावितरणच्या सप्लायवर. मग इन्व्हर्टरच्या इनपुटचा फक्त फेज पाडून. नेहमी लाईट जाते तेव्हा हीच अवस्था असते, न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपर्यंत जोडलेला राहतो. शेवटी डबल पोल मेन पाडून. तिथे न्यूट्रलही सुटतो आणि बऱ्याच घरांत आरसीसीबी पडतच नाही. बटण दाबा, पडतो. गळती सोडा, हलत नाही. इन्व्हर्टर जमिनीपासून सुटून अधांतरी झालेला असतो, गळतीला परतीची वाटच नसते. पहिला फॉल्ट मुकाट पचतो, धोका दुसऱ्या फॉल्टला. वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला तरी हीच गत. काही मोठ्या इन्व्हर्टरमध्ये बॅटरीवर जाताना न्यूट्रल अर्थला जोडणारा रिले असतो. तो नाही म्हणून घरात न्यूट्रल आणि अर्थ कायमचे बांधून टाकणं हा मात्र आणखी वाईट उद्योग. मेन आरसीसीबी मग टिकत नाही आणि घरचा करंट अर्थमधून हिंडायला लागतो.

एमसीबीवरही बॅटरीच्या वेळी फार विसंबू नये. 900 व्हीएचा इन्व्हर्टर चार अँपिअरच्या आसपास देतो. 10 अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी झटक्यात पडायला किमान 50 अँपिअर लागतात. ते येणार कुठून? तिथे इन्व्हर्टरचं इलेक्ट्रॉनिक्सच सांभाळून घेतं. उलट बॅटरीकडे 12 व्होल्ट बघून लोक बेफिकीर असतात. तिथे पाना आडवा पडला तर हजारावर अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. पॉझिटिव्ह टर्मिनलजवळ फ्यूज हवा. तो मला क्वचितच दिसतो.

इन्व्हर्टरच्या कोटेशनमध्ये व्हीए असतात, एएच असतात, वॉरंटी असते. मी खाली दोन ओळी वाढवतो: इन्व्हर्टर लाईनला स्वतंत्र न्यूट्रल आणि आउटपुटला स्वतंत्र आरसीसीबी. गिऱ्हाईक नेमकी त्याच दोन ओळींवर काट मारायला बघतं. मग मी बॅटरी एक साइज लहान घ्या म्हणतो. पंखा तासभर कमी फिरला तर घाम येतो, एवढंच.