स्लॅबखालची रात्र

गेल्या मे महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या एका गावी मुक्काम पडला. घर माझ्याच नकाशावर बांधलेलं. रात्री दहाला खाटेवर उभं राहून छताला हात लावला, तर नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखं गरम लागलं. दिवसभर प्यालेलं ऊन काँक्रीट रात्रभर खाली सोडत राहतं, हे कॉलेजात शिकलो होतो. अंगावर घेतलं ते त्या रात्री. घरातले सगळे अंगणात निजलेले. आजी तेवढ्या परसातल्या माळवदाच्या खोलीत. ती खोली पाडायची म्हणून नकाशात लाल रेघ मीच मारली होती. त्यांनी ऐकलं नव्हतं.

सकाळी तिथे जाऊन बसलो. दीड हात रुंद दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब-तुळया, फळ्यांवर पाला आणि पांढरी माती. छतातल्या साण्यातून उजेडाची तिरीप थेट रांजणावर पडलेली. ऊन ती भिंत ओलांडेपर्यंत दिवस कलतो.

"तुमचं घर दिसाया लई चांगलंय," आजी म्हणाल्या, "पर उन्हाळ्यात कुणी ऱ्हात न्हाई त्यात."

या मुलखात मातीच्या घराचं कौतुक मात्र जपून करावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तूर पट्ट्यात अशाच भिंतींखाली हजारो माणसं गेली. त्या भिंतींचा आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. दगडांमध्ये नुसता चिखल, डोक्यावर मातीचा भार. आतले लाकडी खणांचे सांगाडे मात्र कितीतरी ठिकाणी उभे राहिले. त्यांच्याकडून शिकायचं सोडून आम्ही सरसकट स्लॅब देत सुटलो. भेदरलेल्या माणसांनी तो मागितला, यात त्यांची काहीच चूक नव्हती. आमची होती. ज्या सिमेंटच्या निर्मितीतून जगातल्या कार्बन उत्सर्जनाचा सात-आठ टक्के वाटा येतो, तेच आम्ही तापत्या गावांवर ओतत राहिलो.

आता नकाशा पश्चिमेकडून सुरू करतो. तिकडे जिना, न्हाणी, कोठी. निजायची खोली नाही. भिंती वास्तुविशारद लॉरी बेकरांनी केरळात रुजवलेल्या रॅट-ट्रॅप बाँडच्या: विटा कडेवर उभ्या, मध्ये पोकळी. विटा जवळजवळ पाव हिश्श्यानं वाचतात आणि पोकळी उन्हाला थोपवते. जोत्याला, लिंटलला आणि छताखाली भूकंपासाठी काँक्रीटचे पट्टे असतातच. तिथे काटकसर करत नाही.

त्या घराचंही काम यंदा पावसाआधी काढलंय. स्लॅबवर चुन्याचे हात, पश्चिमेला बांबूची ओसरी. आजींच्या खोलीवर वर्षानुवर्षं साठलेली माती उतरवतोय, भिंतींत आरपार दगड बसवतोय. साण्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलंय.