बोर्दासच्या उतारावरची मोजणी

लारेडो शहर संपून 359 नंबरचा रस्ता पूर्वेला लागला, तशी ट्रकांची गर्दी मागे पडली आणि दोन्ही बाजूंनी झुडपं सुरू झाली. झाड म्हणावं असं त्यांत फार थोडं. जेमतेम पुरुषभर उंचीची, एकमेकांत गुंतलेली, अंगभर काट्यांची झुडपं, नजर जाईल तिथवर. दक्षिण टेक्सासचा हा पट्टा लोक गाडीच्या खिडकीतून बघण्याच्याही लायकीचा समजत नाहीत. मला मात्र निम्मी मंडळी ओळखीची निघाली. पिवळ्या गोंड्यांची देवबाभूळ होती. आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या कुळातली मेस्कीट होती. फड्या निवडुंग तर दख्खनच्या माळांवर इतका मुरलाय, की तो मुळात अमेरिकेचा हे आपल्या गावीही नसतं. इथे तो स्वतःच्या घरी होता आणि त्याच तोऱ्यात ठाण मांडून बसला होता.

माझी भाची टेक्सासमध्ये वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. दर वसंतात ती आणि तिचे सहकारी एका रँचवर जाऊन पेयोते नावाच्या निवडुंगाची मापं घेतात. तीच रोपं, तीच मापं, वर्षानुवर्षं. मी तिच्याकडे राहायला गेले आणि नेमकी मोजणीची वेळ आली.

"मावशी, येतेस का? पण नुसतं बघायला नाही हं. वही धरावी लागेल."

"धरीन की. आयुष्यभर वह्याच तपासल्या," मी म्हटलं.

रोपाला हात न लावता फक्त वही धरायची, यामागे कायदेशीर कारणही होतं. पेयोतेत मेस्कलिन असतं. आर्थर हेफ्टर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1897 मध्ये ते वेगळं काढलं. अमेरिकी कायद्याने या मुठीएवढ्या निवडुंगाला हेरॉइनच्या पंगतीला बसवलंय. अपवाद एकच. इथल्या मूळ जमातींच्या लोकांनी 1918 मध्ये ओक्लाहोमात नेटिव्ह अमेरिकन चर्चची रीतसर नोंदणी केली. त्यांच्या रात्रभर चालणाऱ्या प्रार्थनेत पेयोते हाच प्रसाद आणि हेच औषध. 1994 च्या केंद्रीय कायद्याने त्यांचा हा हक्क पक्का केला. पण हक्क मिळाला म्हणून रोप कुठेही उगवत नाही. अमेरिकेत ते टेक्सासपुरतंच आणि विकण्याइतकं उगवतं ते फक्त रिओ ग्रांदे नदीलगतच्या स्टार, जिम हॉग, वेब, झपाटा अशा मोजक्या काउंट्यांत. बाकी सगळं मेक्सिकोत. त्यामुळे न्यू मेक्सिको, ॲरिझोना, अगदी कॅनडाच्या सीमेपर्यंतच्या जमातींची नजर या काटेरी रानाकडे लागलेली असते.

वाटेत मिरांडो सिटीला थांबलो. नावात सिटी असली तरी एका दमात गाव संपतं. 1921 मध्ये इथे तेल लागलं, तेव्हा ते सिटी होण्याच्या बेतात होतं, एवढंच. इथल्या आमादा कार्देनास या बाईंचं नाव दूरदूरच्या जमातींत आदराने घेतात. 1904 साली जन्मल्या, 2005 साली गेल्या. त्या आणि त्यांचे यजमान पेयोते काढून, वाळवून, विकायचे. अशा विक्रेत्यांना इथे पेयोतेरो म्हणतात. आमादाबाईंच्या अंगणात यात्रेकरू येऊन राहायचे, तिथेच प्रार्थनेचा तंबू उभा राहायचा. आज राज्याच्या पोलीस खात्याचा परवाना असलेले पेयोतेरो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. परवाना आला म्हणजे हिशेब आला. वर्षाला किती बटणं विकली ते खात्याला कळवावं लागतं. बटण म्हणजे जमिनीलगत कापलेलं डोकं. विक्री नगावर, हजाराच्या भावाने.

नगावर मोजायची ही पद्धत लक्षात ठेवायला हवी, कारण सगळी गोम तिथेच आहे.

हेब्रनव्हिलला मुक्काम केला. मोटेलबद्दल न लिहिलेलंच बरं. सकाळी मात्र एका टपरीवजा हॉटेलात गव्हाच्या गरम तोर्तियात गुंडाळलेली अंडी आणि घेवड्याची उसळ मिळाली, आणि माझा अमेरिकन न्याहारीवरचा राग बराच निवळला. तिथून पुढे कुठे गेलो ते लिहीत नाही. चोरून पेयोते उपटणारे आहेत, म्हणून मोजणीची जागा कागदोपत्रीही गुप्त ठेवतात. टेक्सासची पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी मालकीची. त्यामुळे अशा कामात पहिली परवानगी सरकारची नव्हे, रँचमालकाची. फाटकाला आकड्यांचं कुलूप होतं. रँचवरचा म्हातारा वाकेरो, म्हणजे इथला घोडेस्वार गुराखी, आमची वाट बघत पिकअपला टेकून उभा होता. त्याने माझ्या पायांकडे बघून मान हलवली आणि पिकअपमधून गुडघ्यापर्यंतचे जाड संरक्षक पट्टे काढून दिले. खुळखुळ्या सापांसाठी.

"सेन्योरा, साप वाईट नाही. पण त्याच्यावर पाय देऊ नका," भाचीने त्याचं स्पॅनिश मला मराठीत सांगितलं.

बोर्दास नावाचा एक लांबलचक, बुटका कडा या मुलखातून जातो. कडा म्हटल्यावर सह्याद्री डोळ्यांपुढे आणू नये. नुसता चढ लागतो आणि पायाखालची माती पांढरी होते. ही कॅलिचे, चुनखडीची खडकाळ, कवडीसारखी फुटणारी माती. इथले कच्चे रस्ते हिचेच, आणि पेयोतेलाही हीच मानवते. उतारावर सगळे एकदम वाकले आणि काटेरी झुडपांच्या बुंध्यांशी शोधू लागले. मला काही दिसेना. भाचीने पेन्सिलीने दाखवलं, तरी काही क्षण गेले.

जमिनीच्या पातळीत, पाचोळ्यात अर्धवट बुडालेली निळसर हिरवी गादी होती. काटा एकही नाही. फुगीर फाके मध्यापासून बाहेर गेलेले आणि त्यांच्यावर ओळीने पांढऱ्या लोकरीचे बारीक झुपके. अगदी मधोमध, त्या लोकरीतून एक फिकट गुलाबी फूल वर आलेलं, नखाएवढं. वर दिसतं ते एवढंच, खाली गाजरासारखं जाड मूळ असतं. बी रुजल्यापासून फूल यायला रानात दहा वर्षं सहज जातात. काटे नसल्यामुळे काटेरी झुडपाच्या आडोशाला राहायचं, ऊन आणि गुरं दोन्हींपासून जीव वाचवायचा, हीच त्याची रीत. पाऊस लांबला की ते आक्रसतं आणि मातीच्या खाली जातं. "कोरड्या वर्षी शोधाल तर सापडणार नाही. ते मेलेलं नसतं, खाली गेलेलं असतं," वाकेरो म्हणाला.

म्हणूनच प्रत्येक रोपाशेजारी खिळ्याने ठोकलेला ॲल्युमिनियमचा नंबर होता. नंबर सापडला आणि रोप नाही, तर बोटांनी माती हलकेच बाजूला करून बघायचं. मग कॅलिपर. एका दिशेने व्यास, त्याला काटकोनात दुसरा व्यास, मग उंची, आणि डोकी किती. त्यावरून जमिनीवरच्या भागाचं घनफळ काढतात. भाची मोठ्याने आकडे सांगायची, मी ते परत म्हणून लिहायचे. परत म्हणणं सक्तीचं. उन्हात वाकून बसलेल्या माणसाच्या तोंडी पंचेचाळीसचे चोपन्न कधी होतात ते त्यालाही कळत नाही.

"पण पावसावर जर ते फुगतं-आटतं, तर वाढ झाली का नुसतं पाणी प्यायलं, हे कसं कळणार?" मी विचारलं.

"म्हणून तर दोन गट आहेत ना. अर्धी रोपं पेयोतेरो कापतात तशी कापलेली, अर्धी कधीच न कापलेली. पाऊस दोघांवर सारखाच पडतो. मापं एकाच वेळी घ्यायची आणि दोघांतला फरक बघायचा."

हा धडा घालून दिला मार्टिन टेरी या आल्पाइनच्या सल रॉस विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी. त्यात नॉर्मा फाउलर ही ऑस्टिनची परिसंस्थातज्ज्ञ होती. दक्षिण टेक्सासमधली रानातली रोपं त्यांनी खुणा करून वर्षानुवर्षं मोजली आणि 2011 पासून त्यावर निबंध लिहिले. त्याआधी टेरी आणि जेम्स मॉसेथ यांनी 2006 मध्ये रोपाची चिरफाड करून एक गोष्ट दाखवली होती. हिरव्या डोक्याखाली, मातीत, खोडाचा एक तपकिरी भाग असतो. नवी डोकी फुटतात ती या भागातूनच, मुळातून कधीच नाही. म्हणजे हिरवं संपतं तिथे आडवा काप घेतला तर रोप जगायची आशा असते. खोडासकट कापलं किंवा उपटलं, तर खेळ खलास. आणि मेस्कलिन जवळजवळ सगळं त्या हिरव्या डोक्यातच असतं, त्यामुळे खोल कापणाऱ्याच्या पदरातही काही पडत नाही. निव्वळ अडाणीपणाचं नुकसान.

इथवर सगळं आशादायक वाटतं. नीट कापा, पुन्हा फुटेल. पेयोतेरो पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आले आणि ते खोटंही नाही. दुपारी मीच बघितलं ना. एका नंबराशी एकाच्या जागी चार डोकी होती. मला उगाचच आनंद झाला. एकाची चार, म्हणजे बाजारच्या हिशेबाने चौपट.

भाचीने कॅलिपर लावला आणि एकेक डोकं सांगायला सुरुवात केली. चारही सुपारीएवढी. मागच्या पानांवर कापण्याआधीचं माप होतं. चारही डोक्यांचं मिळून घनफळ त्या जुन्या एका डोक्याच्या जवळपासही पोचत नव्हतं.

टेरीच्या निबंधांचं सार हेच. कापलेलं रोप डोकी जास्त काढतं, पण आकाराने खंगतं. दर दोन वर्षांनी पुन्हा कापलं, तर प्रत्येक खेपेला आणखी बारीक होत जातं आणि मरणाऱ्यांची संख्या वाढते. एकदाच कापून सहा वर्षं सोडलेली रोपंही न कापलेल्यांच्या बरोबरीला आली नव्हती. शिवाय कोवळ्या डोक्यात मेस्कलिनही जून डोक्यापेक्षा कमी. मग प्रार्थनेला बसलेल्या माणसाला पूर्वी जितकी बटणं पुरायची त्याहून जास्त लागतात, म्हणजे आणखी कापणं आलं. हे सगळं होत असताना नगांचा आकडा मात्र बराच काळ ठणठणीत दिसू शकतो. नव्वदीच्या दशकात परवानाधारकांची विक्री वर्षाला वीस लाखांच्या वर गेली होती. त्या आकड्यात मोठं डोकं आणि सुपारी दोन्ही 'एक'च. पोलीस खात्याच्या वहीला हे कधीच कळलं नसतं. त्यासाठी कुणीतरी त्याच रोपापाशी कॅलिपर घेऊन पुनःपुन्हा जायला हवं होतं.

पेयोतेरोंना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, आणि शहरातले निसर्गप्रेमी ते करतातही. मला ते पटत नाही. त्यांच्याकडे स्वतःची जमीन क्वचितच असते. रँचमालकाला पैसे देऊन आत शिरायचं आणि मुदतीत मिळेल ते काढायचं. पूर्वी आज या रँचवर, मग काही वर्षं त्या रँचवर, असं फिरता यायचं. आता हरणांच्या शिकारीचा धंदा इतका तेजीत आहे की मालक उंच कुंपणं घालून फाटकं बंद करतात. उरलेल्या थोड्या रँचवर तेच लोक लवकर लवकर परत येतात. रोपाला विश्रांती द्यायची कुणी आणि कुणाच्या भरवशावर? आपण सोडलेलं डोकं उद्या दुसरा कापणार, हे ठाऊक असताना?

आणि सगळ्यात मोठी कत्तल सुरीने नव्हे, नांगराने झालेली आहे. परतताना रस्त्याच्या कडेला एका ठिकाणी झुडपं एकदम थांबली आणि गवताचा सपाट पट्टा लागला. गाडी थांबवायला लावून मी उतरले. केसाळ, जांभळट कणसं हातात घेतल्यावर ओळख पटली. हे आपलं अंजन. आपल्याकडे गुरांसाठी मुद्दाम लावतात, कोरडवाहूला आधार म्हणून नावाजतात. इथे त्याला बफेल म्हणतात. गेल्या शतकाच्या चाळिशीपासून इथल्या रँचवाल्यांनी झुडपं मुळांसकट नांगरून काढली आणि हे गवत पेरलं. जमिनीखाली जाणारा तो मोठा फाळ पेयोतेचं खोड, मूळ, सगळंच उलथून टाकतो. गवत एकदा बसलं की पुन्हा काही रुजू देत नाही. आपल्या माळावरचं गुणी गवत परक्या मुलखात असं वागताना बघून जरा ओशाळल्यासारखं झालं.

उपाय निघालेत, नाही असं नाही. मूळ जमातींच्या पुढाकाराने 2017 मध्ये याच भागात 605 एकर जमीन घेतली गेली. तिथे रोपवाटिका आहे, आणि मुख्य म्हणजे कापायची घाई नाही, कारण फाटक त्यांचंच आहे. भाचीच्या मते थांबण्याची खरी परवडणारी जागा तीच. स्वतःच्या जमिनीवर आठ वर्षं थांबता येतं, भाड्याच्या जमिनीवर आठ महिनेसुद्धा कठीण.

पण हेच तिच्या मोजणीलाही लागू होतं, हे तिला मी नाही, वाकेरोने सांगितलं. संध्याकाळी रँचमधून निघताना तिने नेहमीप्रमाणे पुढच्या वसंताचं विचारलं. त्याने टोपी मागे सारली. म्हातारे मालक आजारी आहेत, मुलगा सॅन अँटोनियोत असतो, शिकारीच्या कंपनीचे लोक दोनदा येऊन गेलेत.

"कुलपाचा आकडा दर हंगामाला बदलतो," तो म्हणाला. "फेब्रुवारीत मला फोन करा. मला माहीत असला तर सांगेन."

भाचीने त्याचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर पुन्हा एकदा लिहून घेतला.